मुरुमाच्या माळावरचा पिवळा झेंडा

नाशिकची ओळख सांगताना आपण रामकुंड, गोदाघाट, पांडवलेणी, त्र्यंबकेश्वर आणि अलीकडच्या काळात द्राक्षमळे यांची नावे घेतो. या शहराची आणखी एक ओळख आहे. ती घरातल्या नातवंडांना ठाऊक असते, आजी-आजोबांना सहसा नसते. पेठ, दिंडोरी किंवा त्र्यंबक रस्त्याने शहराबाहेर पडले की मळ्यांची काळी जमीन हळूहळू मागे पडते आणि मुरुमाचे माळ, लहान टेकड्या, सह्याद्रीचे उतार दिसू लागतात. ही जमीन पावसाळ्यात निसरडी असते, हिवाळ्यात घट्ट बसते आणि उन्हाळ्यात तिची धूळ होते. मातीवर वाहन चालवण्याचे कौशल्य पाहायचे असेल, तर अशी जमीन हवीच. म्हणूनच ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ ही मोटारींची रॅली नाशिकच्या परिसरात रंगत आली आणि गेल्या दशकात दुचाकींच्या राष्ट्रीय सुपरक्रॉस स्पर्धेच्या फेऱ्याही या शहराने पाहिल्या.

एका सामान्य डॉक्टरने या विषयावर का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे कारण दवाखान्यातच आहे. रक्तदाबाची गोळी लिहून घ्यायला आलेले आजोबा जाता जाता दारात थांबतात आणि हळूच विचारतात, “डॉक्टर, नातू डर्ट बाइकच्या शर्यतीत उतरायचं म्हणतो. घरात वाद पेटलाय. तुम्ही सांगा, नाही म्हणावं का?” दुसऱ्या दिवशी एखाद्या आजी गुडघ्याला खरचटलेले दाखवायला येतात. भाजी घेऊन रस्ता ओलांडताना एक मोटारसायकल अंगाजवळून सुसाट गेली, त्या दचकल्या आणि पडल्या. या दोन तक्रारी एकाच धाग्याने जोडलेल्या आहेत, असे मला हळूहळू वाटू लागले. तो धागा समजावा म्हणून मी अशा माळावर काही रविवार घालवले. तेथे जे पाहिले, ते या दोन्ही घरांना उपयोगी पडेल, असे वाटते.

मातीचा माळ आणि त्याची शाळा

या खेळाचा जन्म इंग्लंडमधला. 1924 मध्ये सरे परगण्यातील कँबर्ली येथे खडबडीत माळरानावर मोटारसायकलींची एक शर्यत झाली. तिला ‘स्क्रँबल’ म्हणजे धडपड असे नाव मिळाले. पुढे फ्रेंच लोकांनी मोटारसायकल आणि क्रॉसकंट्री हे शब्द जोडून तिचे ‘मोटोक्रॉस’ केले. 1972 मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कोलिझियम या प्रचंड क्रीडांगणात माती आणून, तिचे उंचवटे रचून शर्यत भरवली गेली आणि ‘सुपरक्रॉस’ रूढ झाले. आपल्याकडे 2024 मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलातून व्यावसायिक सुपरक्रॉस लीगचा प्रारंभ झाला. तरीही या खेळाचा खरा पाया नाशिकच्या माळासारख्या जागीच घातला जातो. तेथे मुले शनिवार-रविवारी गाडी टेम्पोत घालून आणतात आणि दिवसभर सराव करतात.

सकाळी लवकर गेले तर माळ शांत असतो. पाण्याचा टँकर मातीवर पाणी मारत असतो, कारण धूळ उडाली की मागच्याला पुढचा दिसत नाही. जेसीबीने रचलेले उंचवटे एकामागून एक उभे असतात. काही एकेकटे, काही जोडीने, तर काही माथ्यावर सपाट. मधूनच बुटक्या उंचवट्यांची रांग असते. तिच्यावरून जाताना गाडी अशी थरथरते की दुरून पाहणाऱ्याचीही कंबर दुखावी. वळणांना मातीच्या भिंती असतात आणि त्यांना टेकून गाडी वळवली जाते. सुरुवातीच्या रेषेवर एक लोखंडी फाटक असते. ते खाली पडताच सगळ्या गाड्या एकदम सुटतात आणि पहिल्या वळणावर वीसेक जणांना एकाच अरुंद जागेतून जायचे असते. त्या क्षणी आवाज इतका होतो की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही.

मुले काय नेसतात, हे आजी-आजोबांनी एकदा जवळून पाहावे. तोंड पूर्ण झाकणारे हेल्मेट, त्यावर चष्मा, मानेभोवती आधार, छाती-पाठीवर कवच, कोपर आणि गुडघ्यांना संरक्षक, पोटरीपर्यंत येणारे जाड बूट. अंगावर हे सगळे चढवायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. बाहेर मात्र तोच मुलगा कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला हेल्मेट हँडलला अडकवून जातो. या विरोधाभासाकडे आपण पुढे येऊ.

आक्रमक म्हणजे बेफाम नव्हे

माझ्या पिढीला लाल मातीतली कुस्ती ठाऊक आहे. हौद्यात उतरलेला मल्ल सौम्य नसतो. तो रेटतो, खेचतो, पट काढतो. पण आधी सलामी होते, नियमबाह्य पकड धरली तर पंच थांबवतात आणि समोरचा चीतपट झाला की कुस्ती संपते. पाठ लागलेल्या मल्लावर कोणी पुन्हा डाव टाकत नाही. टाकला तर प्रेक्षकच हुसकावून लावतील. डर्ट बाइकच्या शर्यतीतली आक्रमकता याच जातीची असावी, अशी या खेळातल्या जाणत्यांची अपेक्षा असते.

वळणावर पुढच्याला मागे टाकायचे असेल, तर आतली बाजू धरून आधी वळणात शिरणे आणि त्याच्या वाटेवर आपली गाडी आणणे ही मान्य युक्ती आहे. तिला ‘ब्लॉक पास’ म्हणतात. ती धीटपणाची आहे, समोरच्याला वेग कमी करायला लावणारी आहे, पण तिच्यात एक अट आहे: त्याला थांबायला अथवा बाहेरून वळायला जागा उरली पाहिजे. जागाच न ठेवता त्याच्या पुढच्या चाकावर गाडी घालणे, तो पडेल हे जाणून आदळणे, याला खेळाडू शर्यत मानत नाहीत. खांद्याला खांदा घासणे चालते. समोरच्याचे चाक काढून घेणे चालत नाही.

उडीचे नियम याहून कडक, कारण हवेत असलेल्या गाडीला ब्रेक नसतो. शेजारून कोणी उडत असताना आपण तिरके उडून त्याच्या वाटेवर उतरणे हा मोठा अपराध समजला जातो. दोघेही हवेत असताना कोणालाच काही बदलता येत नाही. जो खाली आधी उतरतो त्याच्या पाठीवर दुसऱ्याची गाडी येऊ शकते. म्हणून नवशिक्यांना पहिला धडा असा दिला जातो: तुमची एक वाट ठरवा आणि ती सोडू नका. मागून वेगवान स्पर्धक येतो आहे असे जाणवले, तरी घाबरून बाजूला होऊ नका. मागच्याने तुमच्या भोवतीने जायचे ठरवलेले असते. तुम्ही ऐन वेळी सरकलात तर त्याचा हिशेब चुकतो. आपण पुढे काय करणार हे इतरांना कळू देणे, हा या खेळातल्या शिष्टाचाराचा कणा आहे.

सरावाच्या वेळी याच शिष्टाचाराची आणखी काही कलमे असतात. पट्ट्याबाहेर गेलेल्याने जवळच्याच सुरक्षित जागेतून, मागे नीट पाहून आत यावे. वाट कापून फायदा घेऊ नये. गाडी बंद पडली तर ती उडीच्या पायथ्याशी सोडू नये. वेग कमी करायचा असेल तर एक हात वर करून मागच्यांना कळवावे आणि कडेला व्हावे. लहान मुलांच्या सरावाच्या वेळेत मोठ्या गाड्या आणू नयेत. यातले बरेचसे एखाद्या ज्येष्ठ रायडरच्या एका कठोर शब्दाने शिकवले जाते. एका सकाळी मी पाहिले, पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलाने कट मारून दुसऱ्याला पट्ट्याबाहेर घालवले. सराव संपल्यावर त्याच्याहून थोड्याच मोठ्या एका तरुणाने त्याला बाजूला घेतले आणि शांतपणे विचारले, “तो पडला असता, तर तू थांबला असतास का?” मुलगा गप्प राहिला. मग स्वतःच जाऊन त्याने दुसऱ्याची गाडी टेम्पोत चढवायला हात लावला.

झेंड्यांची लिपी

इंजिनांच्या गदारोळात ओरडून काही सांगता येत नाही. म्हणून पट्ट्याच्या कडेला ठिकठिकाणी मार्शल उभे असतात आणि ते झेंड्यांनी बोलतात. प्रेक्षकाने ही लिपी वाचायला शिकली की शर्यत निराळी दिसू लागते.

हिरवा झेंडा म्हणजे वाट मोकळी. निळा झेंडा मागे पडलेल्या स्पर्धकाला सांगतो की आघाडीचा तुला पूर्ण एका फेरीने गाठतो आहे, त्याला अडवू नकोस. लाल म्हणजे शर्यत थांबली. काळा झेंडा एखाद्या क्रमांकासह दाखवला, तर त्या स्पर्धकाने तत्काळ बाहेर यायचे. चौकड्यांचा झेंडा म्हणजे शेवट, तो तर सर्वांना ठाऊक असतो. पांढऱ्या कापडावरची लाल फुली सांगते की वैद्यकीय माणसे पट्ट्यावर उतरली आहेत. ती दिसली की प्रत्येक उडी न उडता, दोन्ही चाके जमिनीला ठेवून ओलांडायची आणि कोणालाही मागे टाकायचे नाही.

डॉक्टर म्हणून मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हलवला जाणारा पिवळा झेंडा. त्याचा अर्थ असा: पुढे कोणीतरी पडले आहे. वेग कमी करा, उडी मारू नका, ओव्हरटेक करू नका. उंचवट्याच्या पलीकडे पडलेला माणूस अलीकडून येणाऱ्याला दिसत नाही. तो फक्त मार्शलला दिसतो. म्हणजे मागून येणाऱ्याने, स्वतःला काहीही दिसत नसताना, दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून आपला वेग सोडायचा असतो. जिंकण्याची ईर्ष्या अंगात उसळत असताना हे करणे सोपे नाही. म्हणूनच हा झेंडा न जुमानणाऱ्याला दंड होतो, मिळवलेल्या जागा काढून घेतल्या जातात, प्रसंगी स्पर्धेतून बादही केले जाते. कोणता मुलगा चांगला रायडर आहे, हे मी आता उडीच्या उंचीवरून ठरवत नाही. पिवळा झेंडा हलताच कोणाच्या इंजिनाचा आवाज आधी उतरतो, ते ऐकतो.

थांबलेला स्पर्धक

या खेळाच्या मोठ्या जगातले एक उदाहरण प्रत्येक नवशिक्याला सांगावे, असे आहे. डकार रॅली ही मोटारसायकलींसाठी जगातील अत्यंत खडतर स्पर्धांपैकी एक. 2016 मध्ये ती दक्षिण अमेरिकेत चालू होती. पोर्तुगालचा पाउलो गोन्साल्विस तेव्हा जेतेपदाचा दावेदार होता. वाटेत त्याला ऑस्ट्रियाचा मत्थियास वाल्कनर पडलेला दिसला. त्याच्या मांडीचे हाड मोडले होते. दोघे प्रतिस्पर्धी चमूंचे. गोन्साल्विस थांबला, मदत येईपर्यंत दहा मिनिटांहून अधिक काळ त्याच्याजवळ राहिला आणि मगच पुढे गेला. आयोजकांनी तो वेळ त्याला परत दिला. नियमात तशी सोय आहे. तोच वाल्कनर बरा होऊन 2018 मध्ये डकारचा विजेता ठरला.

पुढे गोन्साल्विस आपल्या भारतातील हिरो कंपनीच्या चमूत आला. जानेवारी 2020 मध्ये सौदी अरेबियाच्या वाळवंटात तो पडला. त्या वेळी मागून येणारा गतवर्षीचा विजेता टोबी प्राइस थांबला आणि वैद्यकीय मदत येईपर्यंत त्याच्यापाशी राहिला. गोन्साल्विस वाचला नाही. दुसऱ्या दिवशीची मोटारसायकलींची शर्यत त्याच्या स्मरणार्थ रद्द झाली. डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष हा त्याच चमूतला. 2015 मध्ये त्याने हा मान मिळवला होता. जानेवारी 2021 मध्ये त्यालाही डोक्याला गंभीर मार लागला, त्याला औषधांनी बेशुद्धावस्थेत ठेवावे लागले. सुदैवाने तो सावरून मायदेशी परतला.

ही उदाहरणे भीती घालण्यासाठी दिलेली नाहीत. खेळ धोक्याचा आहे, हे आजोबांचे म्हणणे खरेच आहे. पण तो धोका पत्करणाऱ्या माणसांनी एकमेकांशी केलेला एक करारही आहे: पडलेल्याला सोडून पुढे जायचे नाही. हा करार ज्या मुलाने मनापासून स्वीकारला, त्याच्या हाती गाडी देताना घरच्यांची झोप थोडी तरी कमी उडेल.

पडल्यानंतरची पहिली मिनिटे

या खेळात मनगट आणि कॉलरबोन ही हाडे वारंवार मोडतात, कारण पडताना हात पुढे जातो. गुडघ्याचे अस्थिबंध ताणतात, फाटतात. हे सगळे दुखते, पण बरे होते. चिंता असते ती तीन ठिकाणची: डोके, मान आणि पोट. हँडलचे टोक पोटात रुतले तर वरून लहानसा व्रण दिसतो आणि आत प्लीहा किंवा यकृत फाटलेले असू शकते. पोटदुखी वाढत असेल, चेहरा पांढरा पडत असेल, घाम फुटून चक्कर येत असेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

माळावर असो वा रस्त्यावर, पडलेल्या दुचाकीस्वाराजवळ पोहोचणाऱ्यांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आधी मागून येणाऱ्या वाहनांना कोणीतरी हात करून थांबवावे. जखमीला उचलून बसवू नये, पाणी पाजू नये. हेल्मेट ओढून काढू नये. मानेचा मणका दुखावलेला असेल तर त्या एका हिसक्याने कायमचे अपंगत्व येऊ शकते. श्वासच घेता येत नसेल, तरच एकाने डोके व मान दोन्ही हातांनी स्थिर धरून दुसऱ्याने ते हळूहळू काढावे. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरावे. मदत करणाऱ्याला पोलिसांचा त्रास होईल ही भीती आता मनातून काढून टाकावी; मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या सुधारणेने अशा मदतनिसाला संरक्षण दिले आहे.

डोक्याला मार लागून काही क्षण भान हरपले, उलटी झाली, मुलगा तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागला, प्रकाश सहन होईना, तर हे मेंदूला बसलेल्या धक्क्याचे लक्षण असते. हाडाप्रमाणे हा धक्का बाहेरून दिसत नाही आणि म्हणूनच मुले तो लपवतात. त्या दिवशी पुन्हा गाडीवर बसायचे नाही, हा नियम अपवादाविना पाळावा. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल कमी, मग हलकी हालचाल, आणि डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्यानंतरच सराव. किशोरवयीन मुलांना सावरायला मोठ्यांपेक्षा अधिक दिवस, अनेकदा महिनाभर लागतो. आधीचा धक्का पूर्ण ओसरला नसताना दुसरा बसला तर तो जीवघेणा ठरू शकतो. “आता ठीक वाटतंय” हे नातवाचे वाक्य पुरेसे नाही. जेवताना, अभ्यासाला बसताना तो पूर्वीसारखा आहे का, हे घरातल्या माणसांच्याच नजरेला कळते. दिवसभर घरी असणाऱ्या आजी-आजोबांचा येथे मोठा उपयोग होतो.

माळावरून शहराकडे

आता दुसऱ्या तक्रारीकडे वळू. संध्याकाळी माळावरून परतताना शहराच्या रस्त्यांवर मी जे पाहतो, ते माळावरच्यापेक्षा मला अधिक धास्तावते. गंगापूर रोड, कॉलेज रोड, द्वारका, मुंबई नाका, पंचवटीतल्या अरुंद गल्ल्या: येथे वळण तेच, घाई तीच, पण मार्शल नाही, झेंडा नाही, आणि अंगावर कवच घातलेला प्रतिस्पर्धीही नाही. कट मारला जातो तो गोल्फ क्लब मैदानावर फिरायला निघालेल्या सत्तरीच्या माणसाला. मैदानातल्या रायडरला समोरच्याने ती स्पर्धा स्वतः निवडली आहे, हे ठाऊक असते. रस्ता ओलांडणाऱ्या आजींनी काहीही निवडलेले नसते.

थोडे गणित पाहू. पादचाऱ्यांसाठी सिग्नलचा हिशेब करताना चालण्याचा वेग साधारण सेकंदाला 1.2 मीटर धरला जातो. 15 मीटर रुंदीचा रस्ता त्या वेगाने सुमारे 13 सेकंदांत पार होतो. संधिवात किंवा मधुमेहाने पाय बधिर झालेली व्यक्ती अनेकदा सेकंदाला 0.8 मीटरनेच चालते. तिला त्याच रस्त्याला जवळपास 19 सेकंद लागतात. ताशी 60 किलोमीटर वेगाची दुचाकी एका सेकंदात सुमारे 17 मीटर जाते. म्हणजे चालकाने पाहून ब्रेक दाबायचे ठरवेपर्यंतच ती अख्ख्या रस्त्याच्या रुंदीएवढे अंतर कापून बसते. मोतीबिंदूमुळे येणाऱ्या वाहनाचा वेग नेमका कळत नाही, कमी ऐकू येत असल्याने हॉर्न उशिरा कळतो आणि दचकून मागे सरकण्याची सवय घात करते. माळावर ‘वाट सोडू नका’ असे शिकवतात, तेच येथेही खरे आहे: अर्ध्या रस्त्यात मागे-पुढे होण्याने चालकाचा अंदाज चुकतो.

धक्का लागला नाही, नुसते दचकून पडलात, तरी ती घटना लहान समजू नका. साठीनंतर मांडीचे हाड खुब्यापाशी मोडायला साधे पडणे पुरते. पडल्यावर जांघेत दुखत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर चालण्याचा प्रयत्न न करता एक्स-रे काढावा. डोके आपटले असेल आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर खोक पडलेली नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आणखी एक गोष्ट काळजी घेणाऱ्या प्रत्येकाने मनात कोरून ठेवावी. वयस्कर माणसांत डोक्याच्या आत हळूहळू रक्त साचण्याचा प्रकार घडतो. त्याची लक्षणे पडल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतात. डोके दुखत राहणे, झोपाळूपणा, बोलण्यात विसंगती, एका बाजूचा हात किंवा पाय ओढल्यासारखा होणे. घरचे म्हणतात, “वयोमानाने विसरायला लागलेत.” मग खोदून विचारले की महिन्यापूर्वीचे ते पडणे आठवते. वेळेवर सीटी स्कॅन झाला, तर हा आजार बहुतेकदा बरा करता येतो.

नाशिकने यापूर्वी प्रयत्न केलेले नाहीत, असे नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून येथील पोलिसांनी हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही, असा उपक्रम सुरू केला होता. त्यावर उलटसुलट चर्चा झाली, पण डोक्याची काळजी हा विषय घराघरांत पोहोचला. 2027 च्या सिंहस्थात देशभरातून वयोवृद्ध भाविक याच रस्त्यांवर पायी चालणार आहेत. रस्ते रुंद झाले म्हणजे ते सुरक्षित झाले, असे नसते; रुंद रस्ता ओलांडायला म्हाताऱ्या पायांना अधिक वेळ लागतो.

घरात विचारायचे प्रश्न

तर मग त्या आजोबांना काय सांगावे? नुसते ‘नाही’ म्हटल्याने मुलाची ओढ संपत नाही. ती माळावरून रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर जाते, जेथे ना पट्टा असतो, ना रुग्णवाहिका. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा आहे, त्याला दंड आणि कैद दोन्हींची तरतूद आहे. अल्पवयीन मुलाने रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक अथवा गाडीचा मालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. म्हणून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्यापूर्वी नातवाला जवळ बसवून काही प्रश्न विचारावेत.

1. सराव कोठे करणार? तेथे शिकवणारा जाणता माणूस आणि झेंडा घेऊन उभा राहणारा कोणी आहे का?
2. स्पर्धा देशातील मोटारस्पोर्टच्या अधिकृत महासंघाच्या, म्हणजे एफएमएससीआयच्या मान्यतेची आहे का? रुग्णवाहिका आणि डॉक्टर शर्यत संपेपर्यंत मैदानावर असतात का?
3. विम्याचे काय? वाहनाच्या नेहमीच्या विम्यात आयोजित शर्यतीतले नुकसान धरलेले नसते. आरोग्यविम्याच्या कागदात साहसी खेळांविषयी काय लिहिले आहे, ते नीट वाचले का?
4. हेल्मेट तुझ्या मापाचे आहे का? एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरत नाहीत, हे ठाऊक आहे का?
5. डोक्याला मार लागला, तर घरी सांगशील का?
6. पिवळा झेंडा दिसला आणि तू दुसऱ्या क्रमांकावर असलास, तर काय करशील?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना तो किती वेळ घेतो, ते पाहावे. आणि एक अट घालावी: माळावर जे नियम पाळतोस, तेच कॉलेज रोडवरही पाळायचे. दूध आणायला जातानाही हेल्मेट डोक्यावरच हवे. झेब्रा पट्ट्यावर कोणी पाऊल ठेवले, की पिवळा झेंडा हलला असे समजायचे. आजोबांना आदराने ‘तुम्ही’ म्हणणारा आणि आजीला लाडाने ‘तू’ म्हणणारा नातू दुसऱ्याच्या आजी-आजोबांसाठीही गाडीचा वेग उतरवतो का, हीच त्याच्या तयारीची परीक्षा आहे.

शक्य असेल तर एकदा त्याच्याबरोबर माळावर जावे. सकाळची वेळ निवडावी, टोपी आणि पाणी सोबत घ्यावे. दमा किंवा फुप्फुसांचा जुना आजार असेल तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसावे, मास्क लावावा आणि पंप खिशात ठेवावा. कानात कापसापेक्षा इअरप्लग चांगले. श्रवणयंत्र असेल तर त्याचा आवाज कमी करावा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभे राहू नये, कारण घसरलेली गाडी तिकडेच येते.

आपल्यापुरते म्हणाल, तर रस्ता ओलांडताना माळावरच्या मुलांची एक सवय उचलण्यासारखी आहे. सिग्नल किंवा झेब्रा पट्ट्याची जागा निवडावी, वाहने पुरेशी दूर असल्याची खात्री करावी, एक हात खांद्याच्या वर उंच करावा आणि एकाच चालीने, सरळ रेषेत पलीकडे जावे. संध्याकाळी फिकट रंगाचे कपडे घालावेत. काठी वापरायला संकोचू नये. ती आधार देते आणि लांबून दिसतेही. आणि पलीकडे पोहोचल्यावर थांबलेल्या दुचाकीस्वाराकडे पाहून मान हलवावी. मी पाहिले आहे, त्या पोरांना ते आवडते.